काळ्यानंतर पांढरा: चटई कारखान्याचे वेळापत्रक आणि जेनेटिक अल्गोरिदम

जळगाव एमआयडीसीतल्या एका प्लास्टिकच्या चटयांच्या कारखान्यात उत्पादन नियोजन पाहणाऱ्या तरुण अभियंत्याने प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे तीन एक्स्ट्रूडर (प्लास्टिकचा दाणा वितळवून चटईची रंगीत नळी काढणारी यंत्रे), ती नळी विणणारे सव्वीस माग आणि शिलाईची चार टेबले आहेत, आणि आठवड्याला चाळीस ते साठ ऑर्डरी येतात. त्यांनी पायथनमध्ये जेनेटिक अल्गोरिदम, म्हणजे अनेक वेळापत्रकांतून चांगली निवडून आणि त्यांचा संकर करून पिढ्यानपिढ्या सुधारत नेणारा प्रोग्रॅम, लिहिला असून त्यात रंग बदलण्यासाठी सरसकट ३० मिनिटे धरली आहेत. संगणकावर सगळे काम संपायला लागणारा वेळ १८ टक्क्यांनी कमी झालेला दिसतो, पण सोमवारी लावलेले वेळापत्रक बुधवारपर्यंतही टिकत नाही आणि सुपरवायझर पुन्हा आपल्या वहीकडे वळतात. अशा वेळी पॉप्युलेशन (एका पिढीतल्या वेळापत्रकांचा समूह) वाढवावे, म्युटेशनचा (वेळापत्रकात अधूनमधून केलेल्या बदलाचा, म्हणजे उत्परिवर्तनाचा) दर बदलावा, की दुसराच अल्गोरिदम घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की, या तिन्हींपैकी काहीही आत्ता करू नका. जळगाव, भुसावळ आणि धुळे इथल्या कारखान्यांत वीस-बावीस वर्षे नियोजनाचे काम केल्यावर मी हे सांगतो आहे. जे वेळापत्रक फ्लोअरवर टिकत नाही, त्याचा दोष बहुतेक वेळा शोधण्याच्या पद्धतीत नसतो. शोधणाऱ्याला कारखान्याबद्दल जे सांगितलेले असते त्यात तो असतो, आणि तुमच्या बाबतीत तो त्या ३० मिनिटांत आहे.

चार ऑर्डरींचे उदाहरण घ्या. एकाच एक्स्ट्रूडरवर लाल, पांढरी, काळी आणि पिवळी अशा चार रंगांची नळी काढायची आहे. कोणत्याही क्रमाने चालवले तरी तीन रंगबदल होतात आणि तुमच्या हिशेबाने त्यात एकूण ९० मिनिटेच जातात. म्हणजे चोवीसच्या चोवीस क्रम तुमच्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने सारखेच ठरतात आणि निवड करायला त्याच्याकडे काही उरतच नाही. आता लाइनवर उभे राहून पाहा. पांढऱ्यानंतर पिवळा घेतला तर बॅरलमधला उरलेला दाणा जेमतेम पंधरा मिनिटांत निघून जातो. पिवळ्यावरून लालवर यायला पंचवीस आणि लालवरून काळ्यावर जायला वीस मिनिटे धरू. उलट काळ्यानंतर पिवळा लावला, तर स्क्रूच्या आट्यांत आणि डायच्या (नळीला आकार देणाऱ्या साच्याच्या) कोपऱ्यांत अडकलेला काळा मास्टरबॅच (दाण्यात मिसळायचा रंग) पुढचा सव्वा तास पिवळ्या नळीवर रेघा ओढत राहतो. लालवरून पांढऱ्यावर यायला सत्तर मिनिटे, काळ्यावरून पिवळ्यावर यायला ऐंशी मिनिटे आणि पांढऱ्यावरून थेट काळ्यावर जायला पंधरा मिनिटे धरली, तर लाल, पांढरा, काळा, पिवळा या क्रमाला १६५ मिनिटे लागतात आणि पांढरा, पिवळा, लाल, काळा या क्रमाला ६०. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या लाइनवर ते वेगळे निघतील, पण जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो ही गोष्ट प्रत्येक लाइनवर दिसेल. मी ज्या फोरमनच्या हाताखाली हे काम शिकलो, त्यांना सगळे नाना म्हणत. ते म्हणायचे, ‘भाऊ, काळ्यानंतर पांढरा लावला तर वेळ जातोच, वर दोन पोती दाण्याचा लंप होतो, तो ग्राइंडरला जातो आणि परत काळ्यातच घालावा लागतो.’ लंप म्हणजे वाया गेलेल्या प्लास्टिकचा गोळा. नानांच्या या एका वाक्यात जी माहिती आहे, ती तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठेच नाही. सुपरवायझरांच्या वहीत मात्र ती आहे, आणि ते वहीकडे वळतात ते त्यामुळेच.

म्हणून पहिले काम चेंजओव्हरचा, म्हणजे रंगबदलाच्या वेळांचा, तक्ता तयार करण्याचे. जुन्या रंगाची शेवटची चांगली नळी ज्या क्षणी निघाली तिथपासून नव्या रंगाची पहिली चांगली नळी निघेपर्यंतचा वेळ महिनाभर प्रत्येक बदलाला मोजा, आणि त्या वेळात किती किलो लंप झाला तेही त्याच ओळीत लिहा. दहा रंग असतील तर नव्वद जोड्या होतात, पण सगळ्या मोजण्याची गरज नाही. पांढरा व नैसर्गिक, फिके, मध्यम आणि गडद असे चार गट केले की सोळा घरांचा तक्ता पुरतो. चंदेरी किंवा चमकीचा रंग असेल तर त्याची नोंद स्वतंत्र ठेवा, कारण त्याचे कण डायमध्ये फार काळ टिकून राहतात. दिवसपाळी आणि रातपाळी वेगळी लिहा, कारण रात्री फिटर हजर नसला तर डाय उघडायलाच उशीर होतो. मोजणी लाइनवरच्या ऑपरेटरकडून करून घ्या आणि वेळ जास्त लागला म्हणून कोणालाही बोलू नका. एकदा बोललात की त्यानंतरचे सगळे आकडे तुम्हाला बरे वाटतील असेच येतील.

उन्हाळ्यात आणखी एक फरक पडतो, जो पुण्या-मुंबईच्या पुस्तकी उदाहरणांत सापडायचा नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांकडे जातो, नळी थंड करणाऱ्या टाकीतले पाणी तापते, नळी वेळेत घट्ट होत नाही आणि लाइनचा वेग कमी करावा लागतो. चिलर पुरेसा नसेल तर डिसेंबरात मोजलेला प्रक्रियेचा वेळ मेमध्ये चालत नाही. वेळेचे दोन संच ठेवा.

आता प्रश्नाच्या गणिती बाजूकडे येतो, म्हणजे जेनेटिक अल्गोरिदमकडून किती अपेक्षा ठेवावी ते स्पष्ट होईल. वीस ऑर्डरी एका लाइनवर लावण्याचे क्रम २४३ वर सोळा शून्ये लिहिल्यावर येईल, साधारण तेवढे आहेत. सेकंदाला दहा लाख क्रम तपासणारा संगणक सगळे तपासायला सुमारे ७७ हजार वर्षे घेईल. लागोपाठच्या दोन यंत्रांसाठी १९५४ मध्ये जॉन्सन यांनी एकूण वेळ कमीत कमी करणारा एक सोपा नियम सिद्ध केला, तो आजही डोळे मिटून वापरावा असा आहे. पण यंत्रे तीन झाली की तसा सर्वसाधारण नियम हाती नाही. दहा कामे आणि दहा यंत्रे असलेला एक प्रसिद्ध नमुना १९६३ मध्ये छापला गेला, आणि त्याचे सर्वांत चांगले उत्तर, म्हणजे सगळी कामे संपायला लागणारा कमीत कमी वेळ, ९३० एकके आहे हे सिद्ध व्हायला १९८९ साल उजाडले. दहा बाय दहाच्या एका कोड्याला सव्वीस वर्षे लागली, तिथे तुमच्या सव्वीस मागांसाठी रोज सकाळी सर्वोत्तम उत्तर मिळवण्याचा हट्ट धरू नये. पाळी सुरू होण्याआधी दहा मिनिटांत सुपरवायझरांच्या वहीपेक्षा चांगले आणि पाळता येईल असे उत्तर मिळाले, तर ते पुरेसे आहे. जेनेटिक अल्गोरिदम याच कामाचा आहे. मिशिगन विद्यापीठातल्या जॉन हॉलंड यांनी १९७५ मध्ये त्याची मांडणी केली आणि १९८५ च्या सुमारास तो वेळापत्रकाच्या प्रश्नांना लावून पाहिला गेला.

संकर म्हणजे काय, हे खानदेशात समजावून सांगावे लागत नाही. शेजारच्या सुरतेत १९७० मध्ये एच-४ हा कापसाचा संकरित वाण आला, तेव्हापासून दोन चांगल्या वाणांतून तिसरा काढण्याची कल्पना इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाची आहे. मात्र वेळापत्रकाचा संकर करताना एक अडचण येते, आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये ती नीट सोडवली आहे का ते तपासा. समजा आठ कामांचे एक वेळापत्रक ३ ७ १ ५ ८ २ ६ ४ असे आहे आणि दुसरे ५ २ ४ ७ ६ १ ३ ८ असे आहे. पहिल्याचा पहिला अर्धा आणि दुसऱ्याचा दुसरा अर्धा जोडला की ३ ७ १ ५ ६ १ ३ ८ मिळते. यात काम १ आणि ३ दोनदा आले, २ आणि ४ गायब झाले. अशा संततीला दंड लावून बाजूला काढणारे प्रोग्रॅम मी पाहिले आहेत. त्यांचा बहुतेक वेळ निरुपयोगी क्रम तयार करण्यात आणि फेकण्यात जातो. त्याऐवजी पहिल्या वेळापत्रकातला तिसऱ्या ते पाचव्या जागेचा तुकडा, म्हणजे १ ५ ८, जागच्या जागी ठेवा आणि उरलेल्या जागा दुसऱ्या वेळापत्रकात ती कामे ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने डावीकडून भरा. मग २ ४ १ ५ ८ ७ ६ ३ असे वेळापत्रक मिळते, आणि त्यात प्रत्येक काम एकदाच येते. याला ऑर्डर क्रॉसओव्हर म्हणतात आणि हा त्याचा सोपा प्रकार आहे. तुमच्या कामासाठी तो मला विशेष आवडतो, कारण काळजीपूर्वक जुळवलेली फिक्यावरून गडदकडे जाणारी साखळी त्यात एकत्र राहते आणि पुढच्या पिढीत तशीच उतरते.

तुमच्याकडे एक्स्ट्रूडर, माग आणि शिलाई असे तीन टप्पे आहेत, म्हणून तिन्ही टप्प्यांसाठी एकच गुणसूत्र, म्हणजे वेळापत्रक सांगणारी आकड्यांची एकच ओळ, वापरायचे असेल तर प्रत्येक ऑर्डरचा क्रमांक तिच्या टप्प्यांइतक्या वेळा लिहा. सोपे व्हावे म्हणून तीन ऑर्डरींचे दोन-दोनच टप्पे धरले, तर २ १ २ ३ १ ३ या ओळीतला पहिला २ म्हणजे दुसऱ्या ऑर्डरचा पहिला टप्पा आणि दुसरा २ म्हणजे तिचाच दुसरा टप्पा. आकडे कसेही फिरवले तरी शिलाई विणण्याच्या आधी कधीच येत नाही. मात्र इथे नुसते आकडे तपासून संकर करू नका. प्रत्येक २ कितवा आहे हे ओळखून त्याला वेगळे काम समजा, नाहीतर मघाचीच अडचण परत येईल. कोणत्या मागावर काम द्यायचे हे गुणसूत्रात घालू नका. ओळ वाचताना जो योग्य माग सर्वांत आधी मोकळा होईल त्याला ते काम द्या. यात थोडे नुकसान होते, पण शोधण्याचा पसारा खूप आवरतो, आणि सव्वीस माग असताना ते नुकसान मला मान्य आहे.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, तो म्हणजे योग्यता कशी मोजायची. तुम्ही एकूण वेळ कमी करता आहात. मीही सुरुवातीला असेच काहीसे केले होते आणि त्याचा परिणाम आजही मला स्पष्ट आठवतो. एका कारखान्यात मी रंगबदलाचा एकूण वेळ आणि उशिराच्या दिवसांची बेरीज एवढेच मोजत होतो आणि रोज सकाळी प्रोग्रॅम नव्याने चालवत होतो. एका लहान व्यापाऱ्याची पांढऱ्या चटईची छोटी ऑर्डर होती. तिच्यासाठी गडद रंगांची साखळी मोडणे प्रोग्रॅमला कधीच परवडत नव्हते, म्हणून तो तिला रोज आठवड्याच्या शेवटी ढकलत होता; दुसऱ्या दिवशी नवा आठवडा धरला जायचा आणि ती पुन्हा शेवटी जायची. कागदावरचा प्रत्येक दिवस उत्तम होता. ती ऑर्डर एकोणीस दिवस उशिरा गेली आणि तो व्यापारी पुन्हा आला नाही. एकाही दिवशी प्रोग्रॅम चुकला नव्हता. उशिराचा एकोणिसावा दिवस पहिल्या दिवसाइतकाच स्वस्त आहे असे मी त्याला सांगितले होते, ही माझी चूक होती.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. उशीर वाढेल तशी त्याची किंमत चढत्या दराने वाढवतो. उशिराच्या दिवसांचा वर्ग घेतला तरी काम भागते, कारण मग दोन ऑर्डरींना प्रत्येकी दोन दिवस उशीर होणे हे एका ऑर्डरला चार दिवस उशीर होण्यापेक्षा बरे ठरते. आणि सगळे रुपयांत मोजतो. लंपाचा किलोमागे तोटा, ओव्हरटाइमचा तास, महावितरणच्या बिलात दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना लागणारा वेगवेगळा दर, उशिराबद्दल ग्राहकाने कापलेली रक्कम हे सगळे एका एककात आणले की मालकाशीही बोलता येते. ‘वजन ०.३ ठेवू की ०.४’ या प्रश्नाला मालकाकडे उत्तर नसते. ‘या ग्राहकाचा एक दिवसाचा उशीर तुम्हाला किती रुपयांना पडतो’ या प्रश्नाला असते, आणि ते उत्तर देताना त्यांनाही विचार करावा लागतो.

सोमवारचे वेळापत्रक बुधवारपर्यंत न टिकण्याचे दुसरे कारण मला असे वाटते की, तुम्हीही रोज सगळेच नव्याने मांडत असणार. मागावर ताणा चढवलेला असतो, नळीच्या रिळी जागेवर नेलेल्या असतात, आणि सकाळी नव्या कागदावर दुसरेच काम दिसते. पुढच्या चोवीस तासांचे काम गोठवून ठेवा, म्हणजे अल्गोरिदमला त्याला हात लावता येणार नाही. त्यापुढच्या दोन दिवसांत कालच्या वेळापत्रकापासून जितके दूर जाल तितका छोटा दंड लावा. आणि पहिल्या पिढीत सगळी वेळापत्रके यादृच्छिक घेऊ नका. कालचे वेळापत्रक, डिलिव्हरीच्या तारखेनुसार लावलेले एक, फिक्यावरून गडदकडे लावलेले एक आणि सुपरवायझरांच्या वहीतले एक, अशी चार-पाच बियाणी त्यात मिसळा. वहीतले वेळापत्रक घातल्याचा आणखी एक उपयोग असा की, सर्वोत्तम दोन वेळापत्रके प्रत्येक पिढीत जशीच्या तशी पुढे नेलीत, तर तुमच्याच मोजमापानुसार अंतिम उत्तर त्या वहीपेक्षा वाईट निघूच शकत नाही. हे सुपरवायझरांना आकड्यांत दाखवता येते.

बियाणी मिसळा म्हणतो, पण सगळीच एका जातीची नकोत. रावेर-यावलच्या पट्ट्यात ऊतिसंवर्धित केळीची बाग एकसारखी उभी राहते, दिसते सुंदर, पण सगळी झाडे एकाच साच्यातली असल्याने रोग आला की सगळ्यांना सारखाच झोंबतो. तुमच्या समूहातली वेळापत्रके तिसाव्या-चाळिसाव्या पिढीतच एकमेकांची नक्कल होऊ लागली, तर संकराने नवे काही मिळत नाही आणि शोध तिथेच थांबतो. प्रत्येक पिढीत समूहात खरोखर वेगळी किती वेळापत्रके आहेत हा आकडा छापत जा. मला सर्वोत्तम किमतीच्या आलेखापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

पॅरामीटरबद्दल तुम्ही विचारले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. समूह शंभरच्या आसपास, संकराचा दर ०.८ ते ०.९, निवडीला दोन-तीन वेळापत्रकांची आपसांत स्पर्धा आणि पाचशे पिढ्या, एवढ्यावर सुरुवात करा. उत्परिवर्तनात दोन कामांची अदलाबदल करण्यापेक्षा एक काम उचलून दुसरीकडे घुसवणे माझ्या अनुभवात बरे पडले आहे, कारण बाकीची साखळी अखंड राहते. प्रोग्रॅम वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांवर (रँडम सीडवर) दहा वेळा चालवा. दहाही उत्तरे जवळजवळ येत असतील तर पॅरामीटर ठीक आहेत; ती फार विखुरली तरच त्यांना हात लावा.

दुसऱ्या अल्गोरिदमबद्दलही प्रामाणिकपणे सांगायला हवे. सापडलेले उत्तर सर्वोत्तमापासून किती दूर आहे, हे जेनेटिक अल्गोरिदम कधीच सांगत नाही. गूगलच्या ऑर-टूल्स या संचातला सीपी-सॅट हा मोफत सॉल्व्हर त्यासाठी खालची मर्यादा, म्हणजे ज्याहून कमी किंमत शक्यच नाही तो आकडा, देतो, आणि लहान प्रश्नांत अनेकदा सर्वोत्तम उत्तरच सिद्ध करून देतो. फक्त तीन एक्स्ट्रूडरांचा एका आठवड्याचा प्रश्न त्याला देऊन पाहा. तो वेळेत सुटला तर तिथे जेनेटिक अल्गोरिदमचा आग्रह धरू नका. त्याआधी साध्या नियमांशीही तुलना करा. एकाच यंत्रावर चेंजओव्हर नसेल आणि सगळी कामे सुरुवातीलाच हाती असतील तर जवळच्या तारखेचे काम आधी घेतल्याने सर्वांत मोठा उशीर कमीत कमी होतो, हे सिद्ध झालेले आहे. इथल्या एका डाळ मिलमध्ये मी प्रोग्रॅम न लिहिताच परत आलो होतो, कारण उडदानंतर यंत्र साफ करण्याचा वेळ सोडला तर त्यांचा सगळा प्रश्न तारखेनुसार लावलेल्या एका एक्सेल शीटमध्ये मावत होता. तुमच्याकडे मात्र रंगांची साखळी, तीन टप्पे आणि तारखा एकमेकांत गुंतल्या आहेत, त्यामुळे तक्ता खरा भरला की जेनेटिक अल्गोरिदमला तिथे करण्यासारखे पुष्कळ आहे.

हजेरीचे एक सांगायचे राहिले. आखाजीला (अक्षय तृतीयेला), कानबाईच्या सणाला आणि पोळ्याला माग चालवणारे गावी जातात, सव्वीसपैकी पंधरा माग चालले तरी समाधान मानावे लागते. हे दर वर्षी ठरलेले असते, तरीही कॅलेंडरमध्ये ते कोणी भरत नाही आणि मग त्या आठवड्याचे वेळापत्रक कोसळले म्हणून प्रोग्रॅमला बोल लागतो. त्या दिवसांची क्षमता सुपरवायझरांना विचारून आधीच कमी करून ठेवा.

चालू करताना पहिला महिना दोन्ही वेळापत्रके शेजारी शेजारी छापून लाइनजवळ लावा आणि कोणते पाळायचे हा निर्णय सुपरवायझरांकडेच ठेवा. फक्त एक रिकामा रकाना द्या, आणि तुमच्या वेळापत्रकापासून ते जेव्हा बाजूला जातील तेव्हा का गेले, हे त्यांनी त्यात चार शब्दांत लिहावे एवढीच विनंती करा. ‘चंदेरीनंतर पांढरा नको’, ‘सात नंबरचा माग रुंद चटईला ओढत नाही’, ‘या पार्टीचा ट्रक गुरुवारीच येतो’ अशा नोंदी येतील. त्यातली प्रत्येक नोंद दर शनिवारी तक्त्यात, मागांच्या यादीत किंवा तारखांत घालून टाका आणि सोमवारी सुपरवायझरांना ती कुठे घातली ते दाखवा. असा रकाना सलग दोन आठवडे कोरा राहिला, की म्युटेशनच्या दराबद्दल मला पुन्हा लिहा. तेव्हा त्यावर बोलण्यासारखे काहीतरी असेल.